‘रणखुणा’चा तिसरा भाग

शाल्मलीचं नाव परीक्षकांमध्ये आल्याचं कळलं तेव्हा निनाद खुशीत पेढे घेऊन आला. तिच्या वाट्याला कुठले भाग आलेत ते ऐकल्यावर मात्र त्याने पेढ्यांचा पुडा न सोडताच ओट्यावर ठेवला.

“पहिला खेळ, दुसरा खेळ,” तो म्हणाला. “तिसरा दुसऱ्या कोणाला तरी देऊ देत ना.”

“निवडायला मिळत नाही रे. पहिले तीन माझ्याकडे आलेत.”

“मग सांग त्यांना, तिसरा आमच्या घरचा मामला आहे म्हणून.”

ते खरंच होतं. ‘रणखुणा’चा तिसरा भाग नसता तर इचलकरंजीची शाल्मली हेर्लेकर आणि तासगावचा निनाद एकमेकांना कधी दिसलेही नसते. तो भाग दोघांनी मिळून खेळायचा होता. यंत्र कुठल्यातरी अनोळखी माणसाशी जोडी लावून द्यायचं आणि दोन्ही पात्रांच्या कमरेला एकच दोर बांधायचं. शाल्मलीच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला निनाद आला. पुढे सहा महिन्यांनी ते सांगलीत एका भेळेच्या गाड्यावर भेटले आणि दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. त्यालाही आता सतरा वर्षं होत आली होती. नातेवाइकांत अजून त्यांची ओळख ‘गेमवालं जोडपं’ अशीच होती, आणि दर दिवाळीत ते दोघं तिसरा भाग काढून एक दुपारभर खेळायचे.

‘रणखुणा’ ही पुण्यातल्या चार-पाच पोरांनी सुरू केलेली मालिका. उद्ध्वस्त झालेल्या एका राज्यात आपलं पात्र घेऊन उतरायचं, तलवार नाहीतर भाला चालवायचा, मार खायचा, मरायचं, चूक कळली की पुन्हा उठायचं, आणि पात्राला हळूहळू तयार करत न्यायचं. बावीस वर्षांत तिचे नऊ भाग निघाले. पण जुने भाग ज्या यंत्रांवर चालत, ती एकेक करून मरत होती. नव्या यंत्रांची घडणच इतकी वेगळी, की त्यांच्यावर जुना खेळ चालवायचा तर तो जवळपास नव्याने विणावा लागे. बंगळुरूच्या एका संग्रहालयाने ते काम अंगावर घेतलं होतं. मात्र सगळे भाग विणायला माणसं नव्हती. जे आजही टिकतात तेवढेच पुढे न्यायचे, बाकीचे जातील, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

टिकतात की नाही हे ठरवायचं कोणी, यावर गाडी अडली. जुन्या खेळाडूंना विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नव्या पोरांच्या हातात दिलं तर ती ओबडधोबड चित्रं बघून दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवायची. खेळ खरोखर चांगला होता, की तेव्हा आपण एकवीस वर्षांचे होतो? याचं उत्तर द्यायला असा माणूस हवा होता, ज्याच्या हातांना खेळ येतो पण ज्याला तो आठवत नाही.

असा माणूस काही तासांपुरता तयार करणं आता शक्य झालं होतं.

*

डॉ. फरीदा बागवान यांची प्रयोगशाळा मिरजेत होती. मोठ्या अपघातातून वाचलेल्या लोकांसाठी त्यांनी तो पट्टा बनवला होता. त्या आठवणीपासून रुग्णाला थोडा वेळ सुटका मिळाली की उपचार करणं सोपं जायचं. संग्रहालयाची विनंती त्यांनी आधी हसण्यावारी नेली होती आणि मग, पट्ट्याची निरोगी माणसांवरही नीट चाचणी होईल म्हणून, मान्य केली.

“आठवण म्हणजे मेंदूतल्या ठरावीक पेशींनी एकदम जागं होणं,” त्यांनी शाल्मली आणि निनादला समोर बसवून सांगितलं. “तुम्हाला खेळाचं संगीत ऐकवलं, दोन-चार चित्रं दाखवली, की त्या पेशी जाग्या होतात. कुठल्या जाग्या झाल्या ते पट्टा टिपतो. मग अतिशय बारीक ध्वनिलहरी सोडून तेवढ्याच पेशींना झोपवतो. त्यांना इजा होत नाही. अंधार पडायच्या आत त्या आपोआप उठतात.”

“आणि हातांचं काय?” शाल्मलीने विचारलं. गेली अठरा-एकोणीस वर्षं ती खेळांची परीक्षणं लिहीत होती. बोटं बोथट झाली तर खेळाचा न्याय कसा करायचा, ही तिची काळजी.

“सायकल चालवायचं शिक्षण जिथे साठतं तिथे तुमच्या बोटांचं शिक्षण आहे. तो भाग वेगळा. त्याला आम्ही हात लावत नाही.”

“डॉक्टर, तिसऱ्या भागात आम्ही भेटलोय,” निनाद मध्येच म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “ते माझ्या लक्षात आहे. त्याच त्या पेशी अनेक आठवणींत भाग घेतात. त्यामुळे त्या दुपारी शाल्मलीताईंना नवरा आठवेल, घर आठवेल, पण तुम्ही भेटलात कसे, ते बहुधा आठवणार नाही.”

“आणि नंतर परत आलं नाही तर?”

“आजवर प्रत्येकाचं आलंय.”

गाडीत बसताना निनादने दार नेहमीपेक्षा जोरात लावलं.

*

पहिल्या भागाला शाल्मली जरा मनाविरुद्धच बसली. तो म्हणजे पोरखेळ, अशी तिची कित्येक वर्षांची समजूत. तिच्या परीक्षणांत तिने त्याची टिंगलही केली होती. पट्टा लागला, कानात बारीक गुणगुण झाली, आणि समोरच्या पडद्यावर एक अगदीच अनोळखी खेळ सुरू झाला.

नायकाचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं होतं. भिंतीजवळ गेलं की भिंतीशिवाय काही दिसायचं नाही. पण तलवार एखाद्या ढालीवर आदळली की हातभर झिणझिण्या आल्यासारखं वाटत होतं. पहिल्या वेशीवरच्या भालाईताने तिला लागोपाठ मारलं, आणि प्रत्येक वेळी चूक तिचीच होती. भाला मारायच्या आधी तो डावा खांदा किंचित उचलतो, हे दिसल्याबरोबर तिची बोटं आपणहून चालली. भालाईत पडला तेव्हा शाल्मली खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

“टिकतो,” ती ध्वनिमुद्रकात म्हणाली. “चित्रं भयानक आहेत. नकाशा कोणी बनवला त्याला धरून आणा. पण टिकतो. मला आत्ता पुढे खेळायचंय.”

परतीच्या वाटेवर आठवणी एकेक करून जाग्या झाल्या आणि तिला हसू फुटलं. बटाटा म्हणून ज्याची ती आयुष्यभर चेष्टा करत आली, त्याच बटाट्याने आज तिला जागेवरून उठवलं होतं.

दुसरा भाग सुरुवातीला उमदा वाटला आणि मध्यावर जाऊन पार ढेपाळला. तिने तसं सांगितलं. कोणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

*

तिसऱ्या भागाच्या दिवशी निनाद आपलं शीतगृह माणसांवर सोपवून सोबत आला. तासगावच्या बेदाण्याचा तो हंगाम, तरी आला. पट्टा लावताना तो काचेपलीकडे उभा होता.

खेळ सुरू झाला आणि पहिली काही मिनिटं शाल्मली बघतच राहिली. मिठाचं वाळवंट, त्यावर जांभळट उजेड, लांबवर बुडालेल्या शहराचे कळस. किती सुंदर! मग ती चालायला लागली. तिच्या कमरेच्या दोराला यंत्राने चालवलेला एक मुका सोबती होता. दोघं चालत राहिले. बराच वेळ काही घडेचना. एक शत्रू आला, तो पडला. पुन्हा चाल. मग तोच शत्रू, या वेळी दोन. एक म्हातारी भेटली आणि तिने राज्याचा इतिहास सांगितला. पुढे दुसरी भेटली, तिने तोच इतिहास आणखी सावकाश सांगितला. दोर मध्येच दगडाला अडके, सोडवायला मागे जावं लागे. शाल्मली घड्याळाकडे बघायला लागली. तिला चहा हवासा वाटला. ती चक्क घरच्या पडद्यांना कोणता रंग घ्यावा, याचा विचार करायला लागली.

तरी कामात कसूर नको म्हणून ती ठरलेला वेळ खेळली.

“नाही टिकत,” तिने नोंदवलं. “चित्रं बघण्यासारखी आहेत, भिंतीवर लावा. खेळ मात्र पोकळ आहे. लांबी वाढवायला तेच ते केलंय. पुन्हा खेळायला सांगितलं तर मी नम्रपणे नकार देईन.”

आणि ती मोकळ्या मनाने बाहेर आली.

“बाई गं, काय कंटाळवाणा प्रकार आहे!” तिने निनादच्या खांद्यावर हात टाकला. “कोणाला आवडत असेल रे हे?”

निनादच्या चेहऱ्यावरचे भाव तिला वाचता आले नाहीत. त्याने तिच्या हातातली पर्स घेतली आणि म्हणाला, “चल, गाडी सावलीत लावलीय.”

वाटेत तिने सहज विचारलं, “निनाद, आपण भेटलो कुठे रे? डॉक्टर म्हणाल्या तसंच झालंय. भेळेचा गाडा आठवतोय, पण त्याच्या आधीचं काहीच नाही.”

“येईल आठवायला.”

“सांग की.”

“येईल म्हटलं ना.”

कृष्णेच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. ऊन उतरलं होतं. आणि तिथे, समोरच्या टेम्पोवर कुठल्यातरी दूध डेअरीचं नाव वाचता वाचता, शाल्मलीला सगळं आठवलं. मिठाचं वाळवंट. दोर. हेडफोनमधून आलेला पहिला, घसा खाकरलेला आवाज: “हॅलो, मी तासगाव. तुम्ही कोण गाव?” तिने तोंडावर हात ठेवला. ती शेजारी बघेना. निनादही बघेना. रांग हलली आणि गाडी पुढे गेली.

*

पुढचे दोन-तीन दिवस घरात सगळं नीटच चाललं होतं, आणि तेच वाईट होतं. दोघंही एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागत होते. चहा झाला का, चहा घे, मी घेतला, हो का.

एका सकाळी तो गेल्यावर शाल्मलीने तिसरा भाग लावला. आता पट्टा नव्हता, सगळ्या आठवणी जागच्या जागी होत्या. वाळवंट आलं, मन भरून आलं, आणि पाचव्या मिनिटाला तिने घड्याळ बघितलं. तिला धक्का बसला. आठवणींच्या खाली तो कंटाळा आधीपासूनच होता. एकदा दिसल्यावर तो झाकता येईना.

ती मिरजेला गेली. मत एकदा बदलता येत होतं, त्याची मुदत अजून होती.

“पट्टा चुकला असेल का, डॉक्टर?”

“पट्टा मत देत नाही, शाल्मलीताई. मत तुम्ही दिलंत.” डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. “तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, बरोबर ना? खेळ टिकला नाही, मग त्याच्यावर उभं राहिलेलं टिकतंय का?”

शाल्मलीने पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

“गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले होते. बायकोची ओळख झोपवा म्हणाले. तिला नव्याने बघतो, आवडली तर राहतो. मी त्यांना जायला सांगितलं. रागावून नाही. ते मोजताच येत नाही म्हणून. खेळ वीस वर्षांपूर्वी जिथे थांबला तिथेच आहे, म्हणून आज त्याच्यासमोर बसून सांगता येतं, टिकला की नाही. माणूस कुठे थांबलेला असतो? कोणत्या दिवसाचा नवरा मोजणार तुम्ही?”

“पण तो दुखावलाय.”

“त्याने तसं सांगितलं?”

“नाही.”

“मग विचारा. विचारायला पट्टा लागत नाही.”

*

शीतगृहात शिरल्यावर शाल्मलीच्या अंगावर काटा आला. दोन्ही बाजूंना छतापर्यंत बेदाण्यांच्या पेट्या. निनाद जाड जॅकेट घालून काही पेट्यांमधली आर्द्रता तपासत होता. तिला बघून त्याने खुंटीवरचं दुसरं जॅकेट काढून तिच्या अंगावर घातलं.

“मी मत बदलणार आहे,” ती म्हणाली. “तिसऱ्याला हो देते. माझ्या एका होकाराने काही बिघडत नाही.”

“नको.”

“निनाद, तो गेला तर पुन्हा कधीच खेळता येणार नाही. आपलं यंत्र आणखी वर्षभर चाललं तर खूप.”

“शालू, नको बदलूस.” त्याने हातातलं मीटर पेटीवर ठेवलं. “मी एक सांगू? रागावणार नाहीस?”

“सांग.”

“मला तो कधीच आवडला नाही.”

शाल्मलीला आधी वाटलं, पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

“कधीच म्हणजे?”

“पहिल्या दिवसापासून. लई रटाळ आहे तो. मी तर दुसऱ्या दिवशी काढून टाकणार होतो. पण तुझा आवाज आला. मग त्या वाळवंटात मी कंट्रोलरचं बटण रबरबँडने बांधून ठेवायचो. पात्र आपलं चालतंय सरळ. आणि मी पलंगावर पडून तुझ्याशी बोलतोय. दोर अडकला की तू ओरडायचीस, म्हणून उठायचो.”

“म्हणून आपला दोर जास्तच अडकायचा!”

“म्हणूनच.”

“आणि दिवाळीत? दर दिवाळीत काय म्हणून खेळत होतास?”

“तुला आवडतो म्हणून! तू त्याच्यावर एवढा मोठा लेख लिहिलास. त्या दिवशी बाहेर येऊन तू म्हणालीस, कंटाळवाणा आहे, आणि मला कळेचना हसू का रडू. मला वाटायचं, तुला तो खेळ आवडला म्हणून त्यातला मी आवडलो. खेळच जर तुला नकोसा झाला, तर मग माझं काय राहिलं? हेच डोक्यात फिरत होतं.”

शाल्मली एका रिकाम्या पेटीवर बसली. तिला आता स्पष्ट आठवत होतं. तो मोठा लेख लिहिताना तिने खेळाबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं तर कुणाशी तरी तासन्‌तास गप्पा मारल्याबद्दल होतं. त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेबद्दल, तिच्या बाबांच्या बंद पडलेल्या यंत्रमागांबद्दल, इंजिनिअरिंग सोडावं की नाही याबद्दल. वाळवंट इतकं मोकळं होतं, की बोलण्याशिवाय तिथे करण्यासारखं काही नव्हतंच.

“मी दर दिवाळीत तुझ्यासाठी खेळत होते,” ती म्हणाली.

“काय सांगतेस!”

“देवाशप्पथ. गेल्या वर्षी तर ती दुसरी म्हातारी बोलायला लागली तेव्हा मला डुलकी लागली होती.”

“मी बघितली ती डुलकी. मला वाटलं, भावनेने डोळे मिटलेत.”

मग मात्र दोघांना आवरेना. बेदाण्यांच्या पेट्यांमध्ये, तोंडातून वाफा काढत, ती दोन मोठी माणसं पोट धरून हसत होती. बाहेरून हमालांचा मुकादम दार किलकिलं करून बघून गेला आणि मालकांचं काहीतरी खासगी चाललंय असं समजून त्याने दार हळूच लावून घेतलं.

हसू ओसरल्यावर शाल्मली म्हणाली, “पण मग एक आहे. खेळाने आपल्याला बोलू दिलं, हा त्याचा गुण धरायचा का? त्याचे मार्क द्यायचे?”

निनादने विचार केला. “तेवढी बडबड आपण एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसूनही केली असती. म्हणून काय बाकड्याला मार्क देणार?”

“नाही देणार.”

“मग राहू दे तुझं मत. बरोबर आहे ते.”

ती उठली. तिचे पाय थंडीने बधिर झाले होते, पण छातीवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं होतं. गेले काही दिवस ती जे राखू बघत होती, ते राखायची गरजच नव्हती. ते पहिल्यापासून खेळाच्या बाहेर होतं.

*

निकाल लागला. पहिला, चौथा आणि सातवा भाग पुढे जाणार, असं संग्रहालयाने जाहीर केलं. तिसऱ्याची काही चित्रं आणि संगीत जपून ठेवणार होते. त्यावर गदारोळ झाला. परभणीच्या एका चाहत्याने शाल्मलीला फोन करून सुनावलं, की तुम्हाला तिसरा कळलाच नाही. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही कोणाबरोबर खेळायचात?” “माझा मावसभाऊ,” तो म्हणाला. “आता कॅनडात असतो.” तिने त्याला भावाला फोन करायला सांगितलं. त्याचा राग गेला की नाही, ते तिला कळलं नाही.

आपल्या सदरात तिने सरळ लिहून टाकलं, की तिसऱ्या भागावरचं माझं जुनं परीक्षण प्रेमात असताना लिहिलेलं होतं, ते तसंच वाचावं. आणि पहिल्या भागाची मी इतकी वर्षं केलेली टिंगल मागे घेते, फक्त नकाशाबद्दलचं मत कायम आहे.

पहिला भाग नव्या यंत्रावर आला तो पुढच्या उन्हाळ्यात. निनादने तो कधी खेळलाच नव्हता. त्याची सुरुवात तिसऱ्यापासून. एका रविवारी जेवण झाल्यावर तो जरा बघतो म्हणून बसला. शाल्मली मागे सोफ्यावर आंबे कापत होती. थोड्या वेळाने समोरून पहिली शिवी आली. मग दुसरी. तो एका विहिरीत उतरला होता, आणि तिथली पाणकी, म्हणजे पाण्यातली हडळ, त्याला सारखी बुडवत होती. प्रत्येक वेळी तो पुढे सरकून बसत होता. चहाची वेळ झाली तरी त्याला पत्ता नव्हता. आंब्याची फोड हातात दिली तर त्याने ती बशीत परत ठेवली.

शाल्मलीला पाणकीची खोड माहीत होती. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, तिचा हात—”

“सांगू नकोस!” पडद्यावरची नजर न काढता निनाद ओरडला. “थांब, मला कळत आलंय.”